कमरेचा सपोर्ट घसरतो, आर्मरेस्ट टिकत नाही आणि तक्रार मात्र ‘निकाली’

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: वॉरंटीतील ऑफिस खुर्चीचा लंबर सपोर्ट व आर्मरेस्ट बदलून मिळणे, अन्यथा पैसे परत मिळणे

आज सकाळी तुमच्या कस्टमर केअरने माझी तक्रार ‘निकाली’ म्हणून बंद केली. घरी कोणी आलं नाही, पार्ट आला नाही, खुर्ची होती तशीच नादुरुस्त आहे. म्हणून हे पत्र थेट तुम्हाला.

खुर्ची तुमचीच आहे, रचना समजावत बसत नाही. लंबर सपोर्ट दातेरी पट्टीवर वर सरकवला की खटका वाजतो, आणि मी टेकले की तो घसरत तळाला जातो. मग कमरेच्या बाकाला आधार राहत नाही, खाली माकडहाडाजवळ टोचत राहतं. डाव्या आर्मरेस्टची पिन खाचेत धरत नाही, कोपर ठेवलं की तो खाली बसतो. उजवा वरच अडकलाय. एक खांदा वर, एक खाली अशा अवस्थेत मी दिवसभर टायपिंग करते आणि रात्री मान वळत नाही.

मी देवगडला घरून हिशेबाचं काम करते. आंब्याच्या हंगामात बागायतदारांची, व्यापाऱ्यांची बिलं येऊन पडतात, शिवाय 20 तारखेच्या आत जीएसटीआर-3बी, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं रिटर्न, भरायचं असतं. उठून चालेन म्हटलं तरी जमत नाही. कमरेचे पाच मणके जिथे आत वळतात ती जागा प्रत्येकाच्या उंचीप्रमाणे वरखाली असते, म्हणूनच वरखाली होणारा सपोर्ट घेतला. साधी खुर्ची इथल्या बाजारातही मिळाली असती. 18,500 रुपये मोजले ते या दोन गोष्टींसाठी, आणि नेमक्या त्याच चालत नाहीत.

आता शेवटचा फोन. तुमच्या प्रतिनिधीने विचारलं, “मॅडम, खुर्ची दिवसाला किती तास वापरता?” मी म्हटलं, आठ-नऊ. “मग पार्ट झिजणारच.” ऑफिसची खुर्ची आठ तास वापरायची नाही तर किती? त्यावर उत्तर नाही. पुढचा प्रश्न, “समुद्र जवळ आहे का?” आहे, म्हटलं. “मग हा गंज हवेमुळे. वॉरंटीत बसत नाही.” मी सांगितलं, अहो, लंबर सपोर्टची पट्टी आणि खटका दोन्ही प्लॅस्टिकचे आहेत, प्लॅस्टिक गंजत नाही. तो थांबला. मग म्हणाला, “तोपर्यंत कमरेला उशी लावा ना मॅडम.” उशी! 18,500 रुपयांच्या खुर्चीवर मी घरातली उशी लावायची? वर, तुमच्या पिनकोडला सर्व्हिस नाही, खुर्ची पुण्याच्या सेंटरला आणा, असंही सांगितलं. याच पिनकोडवर ऑर्डर घेतलीत, पैसे घेतलेत, खोकं दारात आणून टाकलंत. तेव्हा देवगड समुद्राकाठी नव्हतं का?

खोक्यावर बिफ्मा एक्स5.1 ची, म्हणजे ऑफिसच्या खुर्च्यांसाठीच्या मानकाची, चाचणी झाल्याचं छापलं आहे. त्या चाचणीत आर्मरेस्टवर वरून आणि आडवा भार टाकून मजबुती तपासतात. इथे माझ्या कोपराचा भार पेलत नाही. आणि पुन्हा सांगते, प्लॅस्टिक गंजत नाही.

वेंगुर्ल्याच्या एका काजू कारखान्याच्या ऑफिसाला खुर्च्या घ्यायच्या होत्या, तेव्हा मी विश्वासाने तुमचं नाव सुचवलं होतं. काल फोन करून त्यांना घेऊ नका म्हणून सांगितलं. हे करावं लागलं याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तंत्रज्ञ घरी पाठवून लंबर सपोर्टचा पूर्ण संच आणि दोन्ही आर्मरेस्ट बदला. नाहीतर तुमच्या खर्चाने खुर्ची उचला आणि पूर्ण रक्कम परत करा. 15 दिवसांत यातलं काही झालं नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून मी सिंधुदुर्ग जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाणार. ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 प्रमाणे मी राहते त्याच जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते, आणि 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही. पुण्याला मी येणार नाही, तुम्हाला इथे यावं लागेल.

बिल, वॉरंटी कार्ड आणि सपोर्ट घसरतानाचा व्हिडिओ सोबत जोडला आहे. उत्तर लेखी द्या. फोन नको.

तुमची ग्राहक,
देवगड, जि. सिंधुदुर्ग