‘पै.’ म्हणजे नेमके काय?

माननीय संपादक महोदय,

सस्नेह नमस्कार विनंती विशेष.

हे चार शब्द मी मुद्दाम पुरते लिहिले आहेत. ‘स. न. वि. वि.’ लिहूनही भागले असते, कारण हा मायना इतका रुळलेला आहे की त्यातला ‘स.’ सस्नेहचा, सप्रेमचा की सविनयचा, हे कोणी विचारत नाही. नमस्कार कसाही पोहोचला तरी कोणाचे नुकसान होत नाही. व्यापारी पत्राचे तसे नसते. तिथे एका अक्षरापायी माल अडतो आणि पैसेही अडतात. आपल्या पत्रव्यवहारात अलीकडे संक्षेपांचा जो सुळसुळाट झाला आहे, त्याबद्दल अनुभवाचे दोन शब्द लिहावेत म्हणून हे पत्र.

हार्डवेअरच्या एका घाऊक दुकानात मी बत्तीस वर्षे हिशेब लिहिले. एकदा एका कंत्राटदाराची चिठ्ठी आली : ‘स्क्रू न. ८, बिजागरी न. ४०.’ पहिला ‘न.’ नंबरचा होता, म्हणजे आठ नंबरच्या जाडीचे स्क्रू, दुसरा ‘न.’ नगाचा. जुन्या माणसाला हे वाचताक्षणी कळले असते, कारण बिजागरी इंचावर मागतात, नंबरावर नाही, आणि आठ स्क्रूंसाठी कोणी गाडी पाठवत नाही. त्या दिवशी काउंटरवर नवा मुलगा होता. त्याने आठ स्क्रू कागदाच्या पुडीत बांधले, चाळीस बिजागऱ्या मोजल्या आणि गाडी रवाना केली. साइटवरच्या सुताराचा दिवस फुकट गेला. कंत्राटदाराचा फोन मीच घेतला. खरे सांगायचे तर त्या मुलावर रागावण्याचा मला अधिकार नव्हता, कारण आमच्या बिलांतही नंबरासाठी आणि नगासाठी आम्ही तेच एक अक्षर वापरत होतो. दुसऱ्या दिवसापासून ‘नग’ पुरता लिहायचा असे ठरले.

मराठीत आपण शब्द बहुधा पहिल्या अक्षराशीच तोडतो, त्यामुळे एका अक्षरावर अनेकांचा हक्क येतो. ‘ता.’ ही तारीखही आणि तालुकाही, ‘प्रा.’ म्हणजे प्राध्यापक, प्रायव्हेट किंवा प्राथमिक, ‘इ.’ म्हणजे इयत्ता, इसवी किंवा इत्यादी. ‘खा. क्र.’ वाचून कोणी खासदाराचा क्रमांक शोधत नाही, म्हणजे बहुतेक वेळा संदर्भ आपल्याला सांभाळून घेतो. पण विद्यार्थ्यांच्या यादीत ‘कु.’ लिहिले की कुमार की कुमारी, हे संदर्भालाही सांगता येत नाही.

इंग्रजी आद्याक्षरांनी यात भर घातली आहे. आमच्या गृहनिर्माण सोसायटीला एका बँकेचे एका ओळीचे पत्र आले : ‘सीसीची प्रत जोडावी.’ बँकेच्या भाषेत सीसी म्हणजे कॅश क्रेडिट, ईमेलमध्ये ती कार्बन कॉपी, आणि बांधकामात तर काम सुरू करण्याच्या परवानगीलाही सीसी म्हणतात आणि काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यालाही. एकाच नावाने इमारतीचा आरंभ आणि शेवट! आमच्या सचिवांनी आरंभाचा कागद जोडला. बँकेला शेवटचा हवा होता. पत्रात पहिल्यांदा पूर्ण नाव, त्यापुढे कंसात संक्षेप आणि मग पत्र संपेपर्यंत तोच संक्षेप, एवढी शिस्त पाळली असती तर तीन आठवडे वाचले असते. कचेरीतल्या प्रत्येकाला ठाऊक असलेला संक्षेप बाहेरच्या माणसालाही ठाऊक असेल, हे गृहीत धरण्यातच सगळी चूक होते. शिवाय देवनागरीत हे संक्षेप नेहमीच आखूड होतात असेही नाही. ‘पीडब्ल्यूडी’ लिहिण्यापेक्षा ‘बांधकाम विभाग’ लिहिताना हात कमी अडखळतो.

‘जीएसटी कर’ आणि ‘आयएफएससी कोड’ यांत शेवटचा शब्द दोनदा येतो. त्याने ऐकणाऱ्याला हसू येते, नुकसान होत नाही. नुकसान होते ते रकमेत. धनादेश-हुंड्यांना लागू असलेल्या परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ च्या कलम १८ प्रमाणे अंकी आणि अक्षरी रकमेत फरक पडला तर अक्षरी रक्कम धरली जाते. म्हणूनच धनादेशावर पूर्ण शब्दांत लिहिण्याची आपली रीत आहे, आणि म्हणूनच दरपत्रकात ‘ह.’, ‘ल.’, ‘को.’ असे लिहिणाऱ्यांचे मला नवल वाटते. टिंबाचेही तसेच. ‘दि.’ आणि ‘क्र.’ यांपुढे टिंब हवे. तिथे हल्ली सर्रास विसर्ग दिसतो. उलट जमिनीच्या मोजणीतला ‘आर’ हा पुरता शब्द आहे, शंभर चौरस मीटरचे माप, तरी त्यापुढे हौसेने टिंब देतात.

आता आपल्या दैनिकाविषयी. जमीनविक्रीच्या जाहीर नोटिसांत ‘गट नं. अमुक पै. ४० आर’ असे छापून येते. आमच्या सांगली-कोल्हापूरकडे नावाआधी ‘पै.’ दिसले की पैलवान समजतात, जुन्या वह्यांत ‘पै.’ म्हणजे पैसे, आणि नोटिशीत त्याचा अर्थ असतो ‘पैकी’. त्याच गटात ज्याची जमीन आहे, त्याच्या दृष्टीने सारे काही या शब्दावर असते. विक्री पूर्ण गटाची आहे की त्यातल्या एका तुकड्याची, हे कळले तरच त्याला मुदतीत हरकत घ्यायची की नाही ते ठरवता येते. नोटिशीचे पैसे जागेवर मोजले जातात, म्हणून वकील मंडळी काटकसर करतात, हे मी समजू शकतो. पण ‘पै.’ आणि ‘पैकी’ यांत फरक एका अक्षराचा आहे, आणि टिंबाची जागा धरली तर तेवढाही नाही. आपल्या जाहिरात विभागाने निदान हा शब्द तरी पुरता लिहून मागावा, ही विनंती.

कळावे, लोभ असावा.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त हिशेबनीस, सांगली