बिझनेस क्लासचे पैसे घेऊन इकॉनॉमीत बसवल्याबद्दल तक्रार

प्रति,
मा. नोडल अधिकारी,
प्रवासी तक्रार निवारण विभाग,
मुख्य कार्यालय

विषय : १८ ऑक्टोबर २०२५, मुंबई–दिल्ली. बिझनेस क्लासची दोन तिकिटे असताना इकॉनॉमीत बसवणे आणि नियमाप्रमाणे परतावा नाकारणे.

महोदय / महोदया,

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी आपल्या विमानाने मी आणि माझी आई मुंबईहून दिल्लीला गेलो. दोघींची तिकिटे बिझनेस क्लासची होती, प्रवास इकॉनॉमीत झाला. त्यापोटी आपल्या ग्राहक सेवेने प्रत्येकी ८,२०० रुपयांचे व्हाउचर देऊ केले आहे. ते मी घेतलेले नाही आणि घेणारही नाही. आजवर आपल्याकडून आलेल्या प्रत्येक उत्तरात दिलगिरी आहे, मूळ मुद्द्याचे उत्तर मात्र कुठेच नाही. म्हणून हे पत्र थेट आपल्याला लिहीत आहे.

आमच्या घरात कोणी बिझनेस क्लासने जात नाही. आई महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका आहे आणि ही तिकिटे तिने स्वतःच्या पेन्शनमधून काढली होती. मांडीचे हाड मोडल्यावर तिच्या उजव्या पायात प्लेट बसवली आहे. तेव्हापासून तो गुडघा काटकोनापर्यंतही वाकत नाही. दिल्लीला तिचे मोठे भाऊ राहतात. त्यांना आता घराबाहेर पडता येत नाही, म्हणून या वर्षी भाऊबीजेला आपणच जायचे असे तिने ठरवले. रेल्वेत रात्रभर काढणे आणि डब्याच्या पायऱ्या चढणे-उतरणे तिला झेपणारे नव्हते. राहिले विमान. तिकीट काढण्याआधी मी तिला घरी खुर्चीत टेकवून बसवले, पाय जितका पसरावा लागतो तितका पसरू दिला आणि पाठीपासून टाचेपर्यंतचे अंतर टेपने मोजले. इकॉनॉमीच्या दोन रांगांमध्ये साधारण २८ ते ३० इंच असतात. तेवढ्यात तो पाय मावत नव्हता. आपल्या संकेतस्थळावर बिझनेसच्या सीटसमोर ४० इंच लिहिले होते, त्यात तो मावत होता. एवढ्या एका कारणासाठी नवरात्रात आम्ही प्रत्येकी २३,६०० रुपये भरले. जेवण, लाउंज, आधी विमानात सोडणे यांतले काहीही आम्हाला नको होते.

आदल्या रात्री वेब चेक-इन केले तेव्हा पहिल्या रांगेतल्या दोन सीट मिळाल्या. सामान देतानाही काउंटरवर कोणी काही बोलले नाही. गेटवर बोर्डिंग पास यंत्रावर धरला तेव्हा लाल दिवा लागला, आणि बाजूच्या छोट्या प्रिंटरमधून दोन नव्या चिठ्ठ्या निघाल्या : १२ ए आणि १२ सी. विचारल्यावर सांगण्यात आले की विमान बदलले आहे आणि या विमानात बिझनेस क्लासच नाही. हे कधी कळले, असे मी दोनदा विचारले. उत्तर मिळाले नाही. बिझनेसची जागा असलेले पुढचे विमान दुसऱ्या दिवशी सकाळी होते. व्हीलचेअरवर बसलेल्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला घेऊन रात्री ठाण्याला परत जा आणि पहाटे पुन्हा या, असा तो पर्याय होता. मी आईच्या पायाबद्दल सांगू लागले, तेव्हा आपले कर्मचारी म्हणाले, "मॅडम, दोन तासांचाच तर प्रवास आहे."

हे वाक्य मी त्या दिवशी गेटवर ऐकले, नंतर फोनवर ऐकले, आणि आपल्या ७ नोव्हेंबरच्या ईमेलमध्ये "अल्प पल्ल्याचा प्रवास लक्षात घेता" अशा शब्दांत वाचले. माझा सर्वांत मोठा आक्षेप यालाच आहे. मुंबई–दिल्ली अंतर सुमारे ११५० किलोमीटर आहे आणि हवेतला वेळ दोन तासांच्या आसपास, हे तिकीट विकताना आपल्यालाही माहीत होते. तेवढ्या वेळाच्या सीटचीच किंमत आपण २३,६०० रुपये लावली होती. पैसे घेताना जो प्रवास एवढ्या मोलाचा होता, तो सीट द्यायची वेळ आल्यावर किरकोळ कसा झाला?

शिवाय ते दोन तास नव्हतेच. मुंबई विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकीचाच वापर होतो. दिवाळीच्या गर्दीत विमान दार बंद करून रांगेत उभे राहिले. दिल्लीत उतरल्यावर व्हीलचेअर येईपर्यंत, सगळे प्रवासी निघून गेल्यावरही, आई जागेवरच बसून होती. जागेवर बसल्यापासून उठेपर्यंत साडेतीन तास गेले.

त्या साडेतीन तासांत काय झाले तेही नोंदवते. पाय पसरायला जास्त जागा मिळेल म्हणून गेटवरच्या कर्मचाऱ्यांनी दिलेली बारावी रांग ही आपत्कालीन दरवाजाची रांग निघाली. जिला स्वतःहून चालता येत नाही अशा व्यक्तीला त्या रांगेत बसवता येत नाही, हा सुरक्षेचा नियम आहे. तो तिथल्या तरुण हवाई सेविकेने लगेच ओळखला आणि आईला उठवले. तिचे बरोबरच होते. पण आमच्या बुकिंगमध्ये व्हीलचेअरची नोंद पहिल्या दिवसापासून होती. गेटवर आई व्हीलचेअरवरच बसलेली होती. तरीही तिला तिथे पाठवले गेले. सगळे प्रवासी बसलेले असताना, सीटच्या पाठी धरत धरत, ती अरुंद वाटेतून मागे अठराव्या रांगेपर्यंत गेली. पुढची पहिली रांग मागितली तर ती जादा पैसे घेऊन आधीच विकलेली होती.

अठराव्या रांगेत वाटेकडच्या सीटवर बसल्यावर तिचा पाय समोर मावेना, म्हणून तो वाटेत काढून ठेवावा लागला. खाण्याची ट्रॉली आली की पाय आत ओढायचा, म्हणजे दोन्ही हातांनी मांडी उचलून तिरकी करायची आणि ट्रॉली पुढे सरकेपर्यंत तशीच धरून ठेवायची. ट्रॉली जाताना आली, परत येताना आली, कचरा गोळा करायला पुन्हा आली. एकदा तिचे चाक घोट्याला लागले. त्याच हवाई सेविकेने मग दोन ब्लँकेटांची घडी करून मांडीखाली दिली आणि पुढच्या खेपांना स्वतः पुढे उभी राहून ट्रॉली सावकाश नेली. तिचे नाव या पत्रासोबतच्या अर्जात दिले आहे. तिच्या वरिष्ठांपर्यंत हे जरूर पोहोचवावे. त्या दिवशी आपल्या कंपनीतल्या एकाच व्यक्तीने आईकडे माणूस म्हणून पाहिले.

गेटवरच्या सुपरवायझरने आणखी एक आश्वासन दिले होते : तुमच्यामधली सीट रिकामी ठेवू, म्हणजे बिझनेससारखेच होईल. युरोपात बऱ्याच कंपन्यांच्या छोट्या पल्ल्याच्या बिझनेस क्लासमध्ये तीन-तीन सीटच्या रांगेतली मधली सीट रिकामी ठेवतात, याची मला कल्पना आहे. तिथले प्रवासी त्यावरही कुरकुर करतात. पण आपण आम्हाला दोन-दोनची रुंद सीट आणि समोर ४० इंच असे लिहून विकले होते. आईला जागा समोर हवी होती. बाजूची सीट रिकामी ठेवून तिचा गुडघा वाकणार नव्हता. आणि शेवटी तीही रिकामी राहिली नाही. दार बंद होण्याआधी आलेल्या प्रवाशाला ती देण्यात आली.

आता पैशांविषयी. आपल्या ईमेलमध्ये ८,२०० रुपयांचा हिशेब असा दिला आहे : बिझनेसचे भाडे २३,६००, त्यातून प्रवासाच्या दिवशीचे इकॉनॉमीचे भाडे १५,४०० वजा, उरलेला फरक परत. ज्या दिवशी मी तिकिटे काढली त्या दिवशी याच विमानाचे इकॉनॉमीचे तिकीट ६,४०० रुपयांना होते. त्या पानाचा स्क्रीनशॉट माझ्याकडे आहे, कारण दोन्ही भाडी समोर ठेवूनच आम्ही घरात निर्णय घेतला होता. धनत्रयोदशीच्या दिवशी ते १५,४०० झाले ते दिवाळीच्या गर्दीमुळे. ते भाडे आमच्या माथी मारायचे कारण काय? आपला हिशेब मान्य केला तर पाय न मावणाऱ्या सीटसाठी आम्ही शेजारच्या प्रवाशाच्या दुपटीहून जास्त पैसे मोजले असे होते.

असा हिशेब कंपन्यांनी करू नये म्हणूनच तर नियम आला. नागरी उड्डाण महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, सिव्हिल एव्हिएशन रिक्वायरमेंट्स या विमान कंपन्यांसाठीच्या नियमावलीच्या सेक्शन ३, सिरीज एम, पार्ट ४ मध्ये केलेली दुरुस्ती १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. प्रवाशाला त्याच्या इच्छेविरुद्ध खालच्या वर्गात बसवले, तर देशांतर्गत प्रवासात तिकिटाच्या करांसह एकूण किमतीच्या ७५ टक्के रक्कम परत द्यायची. आंतरराष्ट्रीय प्रवासात अंतरानुसार ३०, ५० आणि ७५ असे टप्पे आहेत. देशांतर्गत प्रवासात तसले टप्पे नाहीत. मुंबई–दिल्ली असो की मुंबई–गोवा, ७५ टक्केच. त्यामुळे "अल्प पल्ला" या शब्दाला या नियमात जागाच नाही. त्या दिवशीच्या भाड्याशी तुलना करा असेही नियम म्हणत नाही.

आमचा हिशेब सरळ आहे. २३,६०० चे ७५ टक्के म्हणजे १७,७००. दोघींचे मिळून ३५,४०० रुपये. हे दिल्यावर आपल्याकडे प्रत्येकी ५,९०० रुपये उरतात. आम्ही तिकिटे काढली त्या दिवशीच्या इकॉनॉमीच्या भाड्याच्या जवळपासच ती रक्कम येते. आपले यात काही नुकसान होत नाही.

आपल्या दुसऱ्या उत्तरात म्हटले आहे की विमान "ऑपरेशनल कारणामुळे" बदलले, आणि आम्ही विमानात चढून बदल स्वीकारला. डीजीसीएने डिसेंबर २०२२ मध्ये या दुरुस्तीचा प्रस्ताव जाहीर केला, तेव्हा प्रवाशांना खालच्या वर्गात का ढकलले जाते याची कारणे त्यातच दिली होती : नादुरुस्त सीट, विमान बदलणे, जास्तीचे बुकिंग. आपले कारण त्या यादीतलेच आहे. आणि चढलो म्हणजे स्वीकारले, हे म्हणणे तर मुळीच टिकत नाही. ही तरतूद खालच्या वर्गातून प्रत्यक्ष प्रवास केलेल्यांसाठीच आहे. जो विमानात चढलाच नाही, त्याला कोणी खालच्या वर्गात बसवलेले नसते.

करांचाही एक मुद्दा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून बिझनेस क्लासच्या तिकिटावरचा जीएसटी १२ वरून १८ टक्के झाला. इकॉनॉमीवर तो ५ टक्केच आहे. आमच्या बिलांवर १८ टक्क्यांनी कर लावलेला आहे, सेवा मात्र ५ टक्क्यांच्या वर्गातली मिळाली. त्यामुळे परतावा करांसह द्यावा आणि त्याची क्रेडिट नोट, म्हणजे बिलाची रक्कम कमी केल्याचा कागद, पाठवावी. व्हाउचरबाबतही डीजीसीएचे परताव्याचे नियम स्पष्ट आहेत. पैसे कंपनीकडे जमा ठेवायचे की परत घ्यायचे हे प्रवाशाने ठरवायचे असते. मला पैसे परत हवे आहेत, ज्या खात्यातून घेतले त्याच खात्यात. सहा महिन्यांत वापरायचे व्हाउचर आईच्या काय उपयोगाचे? दिल्लीहून परत येताना आम्ही दुसऱ्या कंपनीने आलो आणि पुन्हा प्रवास करायला ती तयार नाही.

पैशांइतकीच महत्त्वाची वाटते अशी एक मागणी आहे, ती दोघींपुरती नाही. विमान बदलल्याचे आपल्या यंत्रणेला गेटच्या कितीतरी आधी कळलेले असते. कोणत्या मार्गावर कोणते विमान जाणार हे ठरल्याशिवाय सीटचा नकाशा बदलत नाही आणि नव्या चिठ्ठ्याही निघत नाहीत. ज्या क्षणी बिझनेसच्या सीट नाहीशा होतात, त्या क्षणी त्या प्रवाशांना फोन जायला हवा, आणि ज्यांच्या बुकिंगमध्ये व्हीलचेअरची नोंद आहे त्यांना सर्वांत आधी. दुपारी कळले असते तर आम्ही घरूनच दुसऱ्या कंपनीची तिकिटे काढली असती. छोट्या पल्ल्यावर बिझनेसचे तिकीट काढणारे सगळेच हौसेने काढत नाहीत. कोणाच्या पाठीत रॉड असतो, कोणाचे नुकतेच ऑपरेशन झालेले असते, कोणाचे वजन असे असते की साध्या सीटचा पट्टा लागत नाही. गेटवरच्या आपल्या माणसांना हे शिकवले जाते का, याचे लेखी उत्तर मला हवे आहे.

तिकिटे, जुने आणि नवे बोर्डिंग पास, जीएसटीची बिले, भाड्याचा स्क्रीनशॉट, आपले तिन्ही ईमेल आणि आईच्या डॉक्टरांचे पत्र सोबत जोडले आहे. या पत्राला १५ दिवसांत लेखी उत्तर आणि ३५,४०० रुपये मिळाले नाहीत, तर आपल्या अपिलीय प्राधिकाऱ्यांकडे आणि सोबतच विमान प्रवाशांच्या तक्रारींसाठीच्या सरकारी एअरसेवा पोर्टलवर तक्रार दाखल करीन. त्यानंतर ठाणे जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे मी राहते त्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्कही लागत नाही. तिथे गेल्यावर मी परताव्याच्या जोडीला आईला झालेल्या त्रासाची भरपाई आणि दाव्याचा खर्चही मागेन.

कृपया उत्तर पाठवताना तयार मजकूर पाठवू नये. ७५ टक्क्यांचा नियम आम्हाला लागू आहे की नाही, आणि नसेल तर कोणत्या कलमाने नाही, एवढेच लिहावे.

आपली,
(सही)
ठाणे (पश्चिम)
१० डिसेंबर २०२५