आण्णा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर

शेफील्ड, इंग्लंड
रविवार

तीर्थरूप आण्णांना,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "बीपी तर आपल्या कोरेगावातसुद्धा मोजतात, त्यासाठी तू एवढ्या लांब काय करतेस?" तेवढ्यात रेंज गेली. आज सावकाश लिहिते, कारण त्या उत्तरात आक्काआत्याचंही काम आहे.

दंडाला पट्टा बांधून मोजतात तो दाब हृदयाच्या डाव्या बाजूचा, १२० वगैरे. उजवी बाजूही तेवढंच रक्त, मिनिटाला साधारण पाच लिटर, फुप्फुसांकडे पाठवते, पण खूप कमी दाबानं. तिथल्या धमनीत सरासरी दाब १४ च्या आसपास असतो. तो २० च्या वर गेला की पल्मोनरी हायपरटेन्शन म्हणतात. दंडावरच्या पट्ट्याला यातलं काहीच कळत नाही. बीपी अगदी व्यवस्थित येतं आणि माणूस चार पायऱ्यांत धापा टाकतो. मग वय झालं, रक्त कमी आहे, अशक्तपणा आहे, असं म्हणण्यात दिवस जातात. इथल्यासारख्या देशांतसुद्धा या रोगाच्या एका प्रकाराचं निदान व्हायला बऱ्याचदा दोन वर्षांहून जास्त लागतात. याचा मला राग येतो.

नदीवरच्या पाइपात गाळ बसला की आपली मोटर जोर लावते, तापते आणि एक दिवस जळते. हृदयाचा उजवा कप्पा तसा लगेच हार मानत नाही. पातळ भिंतीचा हा कप्पा आधी जाड होतो, झुंजतो, मग फुगतो आणि थकतो. पाय सुजतात ते तेव्हा. माझं काम या कप्प्यावर आहे. एमआरआयच्या चित्रांवरून त्याची भिंत किती जाड झाली, तो किती फुगला, एका ठोक्यात किती रक्त बाहेर पडतं, हे मी मोजते. दाब सारखाच असून एकाचं हृदय वर्षानुवर्षं टिकतं आणि दुसऱ्याचं लवकर ढासळतं, ते का? जन्मतः हृदयाला मोठं छिद्र असलेल्या काही जणांचा उजवा कप्पा लहानपणापासून जाडच राहतो आणि तो भयंकर दाब पुष्कळ वर्षं पेलतो. हे कोडं सुटलं तर औषध नुसतं रक्तवाहिन्यांना नाही, हृदयालाही देता येईल. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत सोटॅटरसेप्ट नावाच्या इंजेक्शनला मंजुरी मिळाली. या रोगाच्या एका प्रकारात फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीत पेशींची बेसुमार वाढ होते, ती आवरण्याचा त्याचा प्रयत्न असतो. आधीची बहुतेक औषधं नुसत्या रक्तवाहिन्या सैल करायची. आम्हा सगळ्यांना त्याचा फार आनंद झाला.

पण आत्याला बहुधा हा प्रकार नसेल. आई म्हणाली, दासनवमीला सज्जनगडाच्या पायऱ्यांवर ती सारखी बसत होती आणि संध्याकाळी पावलं सुजली होती. तिचा जन्म चुलीपुढं गेला. त्या धुरानं फुप्फुसं खराब होतात आणि हा दाब वाढतो. दुसरं म्हणजे, लहानपणी सांधे धरून ताप येत होता असं तीच सांगते. त्या तापानं पुढं हृदयाची डावीकडची झडप आकसू शकते आणि रक्त मागं फुप्फुसात तुंबतं. तसं असेल तर कित्येकदा मांडीच्या शिरेतून फुगा नेऊन झडप रुंद करता येते. फुप्फुसात रक्ताची जुनी गुठळी अडकली असेल तर उपचार आणखी वेगळे.

म्हणून आधी कारण शोधायचं. तिला साताऱ्याला नेऊन हृदयाच्या डॉक्टरांना दाखवा आणि टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घ्या. उजव्या बाजूचा दाब किती आणि झडप कशी आहे, हे दोन्ही विचारा. इकोत कळतो तो अंदाज. नक्की मोजायला शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेतात. १९२९ साली फोर्समान नावाच्या जर्मन डॉक्टरनं ती स्वतःच्याच हाताच्या शिरेतून घालून घेतली होती, पुढं १९५६ मध्ये त्याला नोबेल मिळालं. आत्याला ती लागेलच असं नाही, तेव्हा आत्ताच घाबरवू नका.

कुणी ऐकीव माहितीवर फुप्फुसाच्या बीपीची गोळी सुचवली तर देऊ नका. दोष डाव्या बाजूला असेल तर तिनं फुप्फुसात पाणी साठू शकतं.

ऊस तुटायची वाट बघू नका, याच आठवड्यात जा. गाडीभाड्याचे पैसे दादाच्या खात्यावर टाकलेत. रिपोर्टच्या सगळ्या पानांचे फोटो पाठवा, शेवटच्या पानाचाच नको. आईला नमस्कार.

तुमची,
माई