इन्क्लाईनचे रूळ कापले गेले: सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुले पत्र

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

महोदय,

गेल्या मंगळवारी चंद्रपूर जिल्ह्यातील आमच्या बंद भूमिगत कोळसा खाणीच्या इन्क्लाईनचे, म्हणजे खाणीत उतरणाऱ्या तिरप्या बोगद्याचे, रूळ गॅसकटरने कापून ट्रकमध्ये भरण्यात आले. हॉलेजचा, म्हणजे दोराने कोळसा वर ओढणाऱ्या यंत्राचा, ड्रम आधीच गेला होता. हॉलेजघर, थोडे रूळ आणि कोळशाच्या छोट्या गाड्या, म्हणजे टब, त्यातले दोन जागेवर राखले जातील, असे लेखी आश्वासन आम्हाला दोन वर्षांपूर्वी मिळाले होते. ते पत्र मी जपून ठेवले आहे.

माझे वडील तीस वर्षे इथे हॉलेज खलाशी होते. तिरप्या बोगद्यातून पोलादी दोराला जोडलेली टबांची माळ वर येई, प्रत्येक टबात सुमारे टनभर कोळसा, आणि खालून घंटीचे ठोके आले की वडिलांचा हात ब्रेकवर जाई. जोडणी निसटली तर सुटलेले टब उतारावरून खालच्या माणसांवर जातील, ही धास्ती त्यांना निवृत्तीनंतरही सोडत नाही. दारावरची घंटी वाजली तरी त्यांचा उजवा हात आजही हलतो. मंगळवारी मी त्यांना तिथे न्यायला नको होते. कापलेल्या रुळांपाशी बसून ते एवढेच विचारत राहिले, "ब्रेक कुठे ठेवला?" त्या रात्री ते जेवले नाहीत.

इंग्लंडच्या ईशान्येस जॉर्ज स्टीफन्सनने आखलेल्या, 1826 साली सुरू झालेल्या बोज रेल्वेचे दोराचे उतार लोकांनी राखले; वेल्समधील ब्लेनावोनचा कोळसा-लोखंडाचा परिसर 2000 साली जागतिक वारसा ठरला. आपल्याकडे 1958 चा केंद्रीय स्मारक कायदा शंभर वर्षे पूर्ण होण्याची अट घालतो, आणि 1973 च्या राष्ट्रीयीकरणानंतर ज्यांनी या खाणी चालवल्या त्यांची यंत्रे तोवर वितळवलेली असतात. 2025 मध्ये मराठ्यांच्या 12 किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला तेव्हा आमच्या वस्तीतही पेढे वाटले गेले. पण ज्यांच्या कोळशावर वीजकेंद्रे चालली, त्या माणसांच्या खुणांची किंमत या राज्यात भंगाराच्या वजनानेच व्हावी काय? एक कार्यालय दुसऱ्याकडे बोट दाखवते, दुसरे फाइल परत पाठवते, आणि निविदा मात्र वेळेवर निघते.

उरलेली उचल आजच थांबवा. वर्धा खोऱ्यातील बंद इन्क्लाईनची पाहणी पुरातत्त्व विभागाकडून करून घ्या, आणि त्याआधी कुठलीही निविदा निघू देऊ नका. इन्क्लाईनच्या तोंडावरची कमान, हॉलेजघराचा पाया आणि इशाऱ्याची घंटी अजून शिल्लक आहे. पुढचा ट्रक सोमवारी येणार असल्याचे आम्हाला सांगण्यात आले आहे.

आपली,
एका हॉलेज खलाशाची मुलगी