लँटस सोडून ट्रेसिबावर जाताना: रोहिणीला पत्र

प्रिय रोहिणी,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला, मग परत ऐकला, कारण मध्ये तुझी सासूबाईंशी भाजीवरून चर्चाही रेकॉर्ड झालीये :) उत्तर बोलून द्यायला गेले तर माझा तुझ्याहून लांब होईल म्हणून टाइप करतेय, ड्युटीवर आहे, आत्ता जरा शांतता आहे.

तर डॉक्टरांनी तुझं रोजचं लाँग ॲक्टिंग (दिवसभर पुरायचं) इन्सुलिन लँटस बंद करून त्याच्या जागी ट्रेसिबा लिहून दिलंय आणि तू ती चिठ्ठी पर्समध्ये घेऊन आठवडाभर फिरतेयस. अगदी तूच! तुझा प्रश्न एवढाच ना की चाललंय ते बरं चाललंय, मग कशाला हात लावायचा? बरं चाललं असतं तर मीही हेच म्हटलं असतं गं. पण रोज संध्याकाळी सात-आठला काही न खाता शुगर चढते आणि रात्री अडीचला घाम फुटून उठतेस, हे तूच सांगितलंस.

संध्याकाळचं आधी सांगते. ग्लारजिन, म्हणजे तुझं लँटस, २४ तासांचं म्हणतात पण सगळ्यांना पुरे २४ तास पुरतंच असं नाही, आपल्यासारख्या बऱ्याच टाइप वन डायबेटिसवाल्यांना (ज्यांचं शरीर स्वतःचं इन्सुलिन जवळपास बनवतच नाही) शेवटचे दोन-चार तास ते कमी पडतं. तू रात्री दहाला घेतेस, म्हणजे तुझी रिकामी वेळ बरोबर संध्याकाळीच येते. माझंही तेच व्हायचं, म्हणून मला डॉक्टरांनी ते दोन भागांत घ्यायला लावलेलं, सकाळ-संध्याकाळ. कागदावर छान वाटतं. ब्लड बँकेत शिफ्ट करून बघ. रात्री डिलिव्हरीची केस येते, बाईला रक्तस्राव होतोय, क्रॉसमॅचचे, म्हणजे रक्त जुळवून बघायचे, सॅम्पल रांगेत लागलेत, हातात ग्लोव्ह्ज, वॉर्डबॉय दारात उभा राहून 'मॅडम झालं का' करतोय आणि खिशात इन्सुलिनचा अलार्म वाजतोय. त्या वेळी कोण ग्लोव्ह्ज काढून पोटाला सुई टोचणार? मग ते दहाचं साडेबाराला, दुसऱ्या दिवशी जनरल शिफ्ट म्हणून परत नऊला, आणि शुगर मोजणाऱ्या सेन्सरचा ग्राफ म्हणजे नुसता सह्याद्री.

ट्रेसिबाने माझा हा त्रास संपवला, आणि मला विचारशील तर खरा फायदा हाच आहे. रोज एकदाच घ्यायचं, शक्यतो ठरलेल्या वेळीच, पण एखाद्या दिवशी पुढेमागे झालं तर चालतं, फक्त दोन डोसमध्ये कमीत कमी ८ तास गेले पाहिजेत. विसरलीस तर आठवेल तेव्हा घे आणि ८ तासांचा नियम पाळ. दोन एकदम घेऊन भरपाई करायची नाही, हे तुला सांगायची गरज नाही पण सांगते.

असं का चालतं ते कळलं की भीती निम्मी होते, म्हणून थोडं शास्त्र. ट्रेसिबामधल्या इन्सुलिनचं नाव डेग्लुडेक. त्याच्या रेणूला फॅटी ॲसिडची एक शेपटी जोडलेली असते. पेनमध्ये ते सुटं सुटं असतं पण कातडीखाली गेलं की एकमेकांना जोडून लांबच लांब साखळ्या करतं, आणि मग टोकाकडून एकेक रेणू सुटत रक्तात जातो, जशी जुनी तुळशीची माळ झिजून एकेक मणी गळावा तशी. लँटसची तऱ्हा वेगळी, ते ॲसिडिक असतं, आत गेल्यावर त्याचा बारीक साका बसतो आणि तो हळूहळू विरघळतो. तुला ती सुईनंतरची चुणचुण होते ना, ती बहुतेक त्या ॲसिडमुळेच. ट्रेसिबा तसं नाही, मला तर काही जाणवतच नाही.

आता मुद्दा, आणि इथे नीट लक्ष दे कारण लोक इथेच घाबरून परत जातात. हे इन्सुलिन अर्धं ओसरायलाच साधारण २५ तास घेतं. समजा रोज १६ युनिट. दुसऱ्या दिवशी सुई घ्यायच्या आधी कालच्यातले ८ अजून अंगात आहेत, त्यावर नवे १६. तिसऱ्या दिवशी आधीचे १२ शिल्लक, मग १४, मग १५, असं करत शिल्लक १६ च्या जवळ जाऊन थांबते, म्हणजे रोज जेवढं टाकतेस तेवढंच रोज संपतं. हिशोब ढोबळ आहे पण पहिले तीन-चार दिवस काय होणार ते यात सगळं आलं. लँटस संपलेलं असतं आणि नव्याची शिल्लक अजून साठलेली नसते, त्यामुळे शुगर जरा वर राहते. माझी पहिल्या दोन सकाळी दोनशेच्या वर होती. आई म्हणाली हे औषध तुला लागू पडत नाहीये. आमच्या लॅबमधला एकजण म्हणाला चार युनिट वाढव. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, नोव्होरॅपिडने (जेवणाच्या वेळी घ्यायचं झटपट इन्सुलिन) वरचं सांभाळ आणि याला हात लावू नकोस, आणि चौथ्या-पाचव्या सकाळपासून आकडे आपोआप खाली आले. त्या वेळी चार युनिट वाढवले असते तर आठवड्याच्या शेवटी सणकून हायपो झाला असता, म्हणजे शुगर फार खाली गेली असती, कारण वाढवलेल्याची शिल्लकसुद्धा अशीच मागाहून साठते!

म्हणून यात बदल करायचा तर तीन-चार दिवस थांबून, सकाळच्या उपाशीपोटीच्या आकड्यांकडे बघून, आणि थोडाथोडा. आज शुगर ९० आली म्हणून आज दोन कमी, उद्या १८० आली म्हणून तीन जास्त, हा जो आपला लहानपणापासूनचा खेळ आहे तो इथे चालत नाही. तुझा स्वभाव मला माहितीये, तू इस्त्रीचं बटणसुद्धा तीनदा बघतेस, तुला हे जड जाणार.

डोसबद्दल तू विचारलंस की १८ वरून एकदम १४ का. मला ते बरोबर वाटतं. मोठ्या माणसांसाठी अमेरिकेतलं माहितीपत्रक जेवढे युनिट होते तेवढ्यानेच सुरू करा म्हणतं, युरोपातलं म्हणतं टाइप वनमध्ये २० टक्के कमी करायचा विचार करा, त्यामुळे दोन डॉक्टर दोन गोष्टी सांगतात आणि दोघांचंही चूक नसतं. १८ चे २० टक्के काढले की १४ च्या आसपासच येतं. तुला रात्रीचे हायपो होतायत म्हटल्यावर त्यांनी खालून सुरुवात केली, शहाणपणाचं केलं. पुढे वाढवतील लागलं तर.

रात्रीच्या हायपोवर याचा खरंच उपयोग होतो का हेही तू विचारलंस. २०१७ साली छापून आलेली एक चाचणी आहे, स्विच १ नावाची, फक्त टाइप वनवाल्यांवर, ५०१ माणसं, ग्लारजिन विरुद्ध डेग्लुडेक. डोस बसल्यानंतरच्या काळात लक्षणांसकट येणारे रात्रीचे हायपो ३६ टक्क्यांनी कमी, एकूण हायपो ११ टक्क्यांनी कमी. एचबीए१सी (दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारा आकडा) मात्र दोन्हीकडे जवळपास सारखं. म्हणजे रिपोर्टमध्ये जादू दिसेल अशी आशा धरू नकोस, झोप मिळेल. माझंही एचबीए१सी फार हललं नाही पण उशीखालची ग्लुकॉन-डीची पुडी आता महिनोन्महिने तशीच असते.

आपण पाचवी-सहावीत होतो तेव्हाचं ते दुधाळ इन्सुलिन आठवतं? एनपीएच, तळहातांत घोळवून घोळवून एकसारखं करायचं, आणि तू ते रवीसारखं घुसळायचीस म्हणून सिस्टर ओरडायच्या. त्याचा जोर काही तासांनी शिगेला जायचा, रात्री घेतलं की बरोबर मध्यरात्रीनंतर, म्हणून तुझी आई दूध-बिस्कीट घेऊन उठायची. ते लांबवायला त्यात प्रोटामिन घालतात, आणि ते मूळचं माशाच्या वीर्यातून काढलेलं! माझ्या माळकरी आजीला हे कुणी सांगितलं नाही तेच बरं.

आता वाईट बाजू, कारण ती तुला वारीत भोवेल. लँटसवर असताना तू दुसऱ्या दिवशी चालायचंय म्हणून आदल्या रात्री दोन-तीन युनिट कमी घ्यायचीस आणि ते जमून जायचं. ट्रेसिबात आज कमी केलेलं पूर्ण जाणवायला दोन-तीन दिवस लागतात. पुणे ते सासवडचा टप्पा, दिवे घाट चढताना पाऊस, मागून माणसं ढकलतायत, तिथे अंगातली शिल्लक काढून टाकता येत नाही. त्यामुळे सगळी कसरत खाण्यावर आणि नोव्होरॅपिडवर. सकाळच्या नाश्त्याचा बोलस, म्हणजे खाण्यापुरतं नोव्होरॅपिड, कमी, वाटेत दर थोड्या वेळाने काहीतरी खात राहायचं, सेन्सरचा बाण बघत राहायचं. दोन-तीन दिवस सलग चालणार असशील तर बेसल, म्हणजे हे लाँग ॲक्टिंग, आधीपासूनच कमी करायचं का हे डॉक्टरांना आत्ताच विचार, आळंदीला पोचल्यावर नको. आणि हायपो झालाच तर एकदा साखर खाऊन मोकळी होऊ नकोस, बेसल जास्त झाल्याने आला असेल तर तो तासा-दोन तासांत परत येतो, मागे काहीतरी पोटभरीचं खा.

एकादशीला मात्र मजा आहे. डोस नीट बसला असेल तर काही न खाता शुगर जवळपास सरळ रेषेत राहते. पण उपास आहे म्हणून ट्रेसिबा बंद, असं कुणीही सांगितलं, सासूबाईंनी सांगितलं तरी, ऐकायचं नाही, टाइप वनमध्ये बेसल थांबलं की कीटोन्स, म्हणजे रक्तात घातक ॲसिड साठतं. आणि साबुदाण्याच्या खिचडीसमोर कुठलंच लाँग ॲक्टिंग टिकत नाही, तिला बोलस लागतोच!

वापरायला पेन सोपं आहे. बटण बाहेर येत नाही, आत स्प्रिंग आहे, नुसतं टेकवून दाबलं की आकडा घरंगळत शून्यावर येतो आणि टक् होतं. टक् झालं की लगेच सुई काढू नकोस, सावकाश सहापर्यंत मोज, नाहीतर थेंब कातडीवर येतो. दर वेळी आधी दोन युनिट हवेत सोडून बघ. नोव्होरॅपिडही पारदर्शक, हेही पारदर्शक, अर्धझोपेत पेनांची अदलाबदल झाली तर १४ युनिट रॅपिड पोटात! मी ट्रेसिबाच्या पेनला जाड रबरबँड लावलाय, अंधारातही बोटाला कळतो. आणि पोटावर त्याच जुन्या गाठीत टोचू नकोस, तिथे दुखत नाही म्हणून तुला ती जागा आवडते पण तिथून इन्सुलिन नीट जातच नाही.

उघडलेलं पेन ३० डिग्रीच्या आत ५६ दिवस चालतं, लँटसचे २८ दिवस. जाहिरातीला छान आहे पण १४ अधिक वाया जाणारे २ धरले तर तुझं ३०० युनिटचं पेन १८-१९ दिवसांतच संपणार, खरा उपयोग चार-पाच युनिट घेणाऱ्या लहान मुलांना. सांगलीच्या मे महिन्यात ३० डिग्री कुठून आणणार हा वेगळा प्रश्न, तुझा तो माठाजवळचा ओल्या फडक्याचा डबा चालू ठेव.

महाग आहे, हो. त्याबद्दल गोड बोलून काही उपयोग नाही. महिन्याचा हिशोब नवऱ्यासोबत बसून आधीच कर, आणि परवडत नसेल तर डॉक्टरांना तोंडावर सांग, लँटसचा डोस दोन भागांत घेणं हाही एक मार्ग आहेच. आठवड्यातून एकदाच घ्यायच्या इन्सुलिनची वाट बघू म्हणालीस ना, ते आयकोडेक, त्याला २०२४ ला युरोपात परवानगी मिळाली खरी, पण टाइप वनवाल्यांच्या चाचणीत डेग्लुडेकपेक्षा हायपो जास्त आले. आपल्यासाठी त्याची वाट बघण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

सुरुवात परीक्षेचे पेपर तपासायचे असतील त्या आठवड्यात करू नकोस, आणि लग्नाच्या आठवड्यात तर नाहीच. साधा, कंटाळवाणा आठवडा बघ. सेन्सर नवा लाव. ग्राफ मला रोज पाठव, पण चौथ्या दिवसापर्यंत मी फक्त अंगठा दाखवणार, सल्ला मागू नकोस.

लँटसची न उघडलेली पेनं फ्रीजमध्ये राहू देत, तारीख बघून. मेडिकलवाला कधी 'स्टॉक परवा येईल' म्हणाला तर उपयोगी पडतील, फक्त तेव्हा किती घ्यायचं ते डॉक्टरांकडून आत्ताच लिहून घे.

बेल वाजली, कुणीतरी सॅम्पल घेऊन आलंय. काकूंना नमस्कार सांग.

तुझीच,
मनू