दादा, झिऱ्यावर बसवलंत त्याबद्दल

दादा, राम राम.

तुमच्या पाड्यावर मोबाईलला रेंज नाही, म्हणून हे असं चारचौघांत लिहितोय. शहाद्याला शिकणारा तुमचा मुलगा वाचून दाखवेलच. निघताना आभार मानायला लागलो तर तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणत बैलाचा विषय काढलात. इथे तुम्हाला मध्ये बोलता येणार नाही.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होऊन गेलेली, रोहिण्या लागायच्या बेतात. जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळिशी ओलांडत असताना मी पक्षी बघायला सातपुड्यातल्या तोरणमाळकडे निघालो, तेव्हा घरच्यांनी माझ्यावर उन्हाचा परिणाम झालाय असंच धरलं. सागाला पान नाही, नाले कोरडे, घाटातले दगड सकाळी नऊलाच हात लावू देईनात. अशा दिवसांत दऱ्याखोऱ्यांतून वणवण करावी लागणार याची मी तयारी ठेवली होती. तुम्ही चालवलंच नाही. नाल्याच्या वळणावर, वाळूत उकरलेल्या झिऱ्यापासून जरा लांब, जांभळाच्या सावलीत बसवलंत. "उगामुगा बसा भो. पानी फक्त आठेच शे." म्हणजे गुपचूप बसा, पाणी फक्त इथेच आहे.

ताटाएवढा झिरा तो. आधी बुलबुल आले, मग मुनियांचा थवा, मग हळद्या. स्वर्गीय नर्तकाचा नर मात्र जमिनीवर उतरलाच नाही. फांदीवरून सूर मारायचा, पाण्याला छाती टेकवायचा आणि वर. पांढऱ्या शेपटीच्या दोन फिती त्याच्या मागून येऊन पोचायच्या. पलीकडे पाचोळ्यात नवरंग पानं उलटत होता. पावसाच्या तोंडावर तो इथे घरटं करायला येतो, हे वाचून माहीत होतं. त्याची दोन सुरांची शीळ तुम्ही आधी ऐकलीत आणि नुसती हनुवटी त्या दिशेला वळवलीत.

आणि रानपिंगळा! त्याच्यासाठी वेगळा परिच्छेद हवाच. सकाळच्या उन्हात, उघड्या सागाच्या शेंड्यावर, दिवसाढवळ्या. डोक्यावर आपल्या गावच्या पिंगळ्यासारखे दाट ठिपके नाहीत, पोट पांढरंशुभ्र, पंखांवर आणि शेपटीवर ठळक पट्टे. शेपटी सारखी डावी-उजवी झटकत होता. मग एकदम खाली झेपावला आणि चोचीत सापसुरळी घेऊन वर आला. ह्यूम या ब्रिटिश पक्षीतज्ज्ञाने १८७३ मध्ये जगाला ओळख करून दिलेला हा पक्षी १८८४ नंतर कुणाला दिसल्याची खात्रीची नोंदच नव्हती. मधे माइनर्ट्झहागेन नावाच्या साहेबाने १९१४ मध्ये गुजरातेत मिळाल्याची बतावणी केली, पण तो नमुना ब्रिटिश संग्रहालयातून चोरलेला निघाला, आणि मुळात तो जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने आपल्या खानदेशातच गोळा केलेला! ही लबाडी उघडी पाडणाऱ्या अमेरिकन पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी ते गुजरातचं लेबल बाजूला ठेवलं, जुन्या खऱ्या नोंदींचा माग काढला, आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळच्या जंगलात त्यांना व त्यांच्या सोबत्यांना तो पुन्हा दिसला. एका चोरामुळे पक्ष्याचा पत्ताच चुकीचा लिहिला गेला होता, याचा मला अजून राग येतो.

आमच्यातल्या एकाने फोटोसाठी मोबाईलवर त्याचा आवाज लावायला घेतला, तेव्हा तुम्ही फोनवर हात ठेवलात. ओरडला नाहीत. "त्याला वाटतं दुसरा नर घुसला. एवढ्या उन्हात उगाच भांडायला पळवायचं का?" एवढंच. दुसरीकडे वाटाडेच स्पीकर घेऊन हिंडताना पाहिलेत, पैसे मोजणाऱ्या पाहुण्याला ते नाही म्हणत नाहीत. तुम्ही 'नाही' म्हणालात. सगळ्यात जास्त आभार त्याचे.

संध्याकाळी सीताखाईच्या कड्यावरून परत त्याच झिऱ्यावर आणलंत. अंधार इतका की दुर्बीण निरुपयोगी. पखुर्ड्या आल्या त्या आधी पंखांच्या फडफडीवरूनच कळल्या. पखुर्ड्यांच्या बऱ्याच जातींत नर पोटाची पिसं पाण्यात भिजवून लांबवरच्या पिल्लांना ते पाणी पाजतो, असं मी कुजबुजत सांगितलं, तर तुम्ही म्हणालात, "मग आपण निघू, पिऊ दे त्यांना." निघालो.

काकूंना सांगा, गरम भाकरी, ठेचा आणि वर कच्चा कांदा, याची चव जिभेवर आहे. तेंदूपत्त्याचे पुडे बांधता बांधता त्यांनी आमच्यासाठी चूल पेटवली, हे मी पाहिलंय.

पाड्यावरच्या पोरांच्या हातातली गलोल तुम्ही दमदाटी न करता सोडवलीत, हे तुमच्या मुलाकडून कळलं. पोरांना सोबत नेऊन ढोलीचं झाड लांबून दाखवायचं आणि पाहुण्यांच्या पैशांतून त्यांनाही काही द्यायचं, ही युक्ती मला फार आवडली. आमच्या गावाकडे अजून नुसतं रागावणंच चालतं.

हे वाचून जे कोणी तुमच्याकडे येतील त्यांना माझं सांगणं: पैशांची घासाघीस करू नका, घरटं दाखवा म्हणून मागे लागू नका, आणि पाण्याच्या बाटल्या येताना घेऊन या, जाताना परत न्या.

माझी जुनी दुर्बीण पोरांसाठी पाठवतोय. उजव्या बाजूचं चाक जरा घट्ट आहे, तेल घालू नका, तसंच फिरवा. पावसाने घाट बंद केला नाही तर भादव्यात येतो. बैलाचं काय झालं ते कळवा.

आपला,
जळगावचा पाहुणा