जाशील रे, पण येशील कसा?

अलिबाग,
ऋषिपंचमी, रात्र

प्रिय नंद्या,

परवा तुझा फोन आला तेव्हा मखराचा खांब एका हातात आणि फोन दुसऱ्या हातात होता. "सांतोरिनी कसं होतं?" असं तू विचारलंस आणि मी "लांबून छान होतं" म्हणून फोन ठेवला. तुला वाटलं असेल, परदेशात जाऊन आला आणि चढला. तसं नाही रे बाबा. खरंच लांबूनच पाहिलं. आज दीड दिवसाचं विसर्जन करून आलो, घर शांत झालंय, तुझी वहिनी दमून झोपलीये, म्हणून आता सगळं सविस्तर लिहितो. तूही ऑक्टोबरात असल्याच जहाजावर चढणार आहेस, तेव्हा यातलं काही कामाला येईल.

ग्रीक बेटांच्या या जहाजसफरीचे पैसे पोराने भरले हे तुला माहीतच आहे. पाच रात्री. अथेन्सच्या पिरेयस बंदरातून निघायचं, मग मिकोनॉस, तुर्कस्तानातलं कुशादासी, ऱ्होड्स, सांतोरिनी आणि परत पिरेयस. कागदावर प्रत्येक बंदरापुढे पोचायची आणि सुटायची वेळ छापलेली. मी ते एसटीच्या वेळापत्रकासारखं वाचलं, तिथेच चुकलो. (एसटीच्या वेळापत्रकाला आपण कधी एवढं मनावर घेतलं होतं म्हणा!)

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला केबिनमधला स्पीकर बोलू लागला. मिकोनॉसला फार वारा आहे, धक्क्याला लागता येत नाही, आजचा दिवस समुद्रावरच. मी पडदा सरकवला तर बाहेर लख्ख ऊन. आभाळात ढगाचा ठिपका नाही. नंद्या, आपण अलिबागची माणसं. वादळ म्हणजे आधी नैर्ऋत्येला काळंभोर येणार, मग पाऊस झोडपणार. इथे दिवाळीच्या सकाळीसारखं आभाळ आणि खाली समुद्र नुसता पांढऱ्या फेसाने भरलेला. जहाजावरच्या निम्म्या लोकांना तर वाटलं कॅप्टन थापा मारतोय, डिझेल वाचवतोय.

तीस वर्षं मी पोरांकडून स्थानिक वारे घोकून घेतले. फॉन, चिनूक, मिस्ट्रल, सिरोक्को, बोरा, लू. जोड्या लावा, दोन गुण. त्या यादीत मेल्टेमी नव्हता, आणि नेमका तोच माझ्या वाट्याला आला. उन्हाळाभर, त्यातही जुलै-ऑगस्टमध्ये, एजियन समुद्रावर उत्तरेकडून सुटणारा कोरडा वारा. एकदा लागला की चार-चार दिवस हटत नाही. आता यातली गंमत ऐक. तो का सुटतो? बाल्कनकडे हवेचा दाब जास्त आणि तुर्कस्तानवर कमी, म्हणून. आणि तुर्कस्तानवर कमी का? तर आपल्याकडच्या मान्सूनचा जो कमी दाबाचा पट्टा असतो ना, त्याचं पश्चिमेचं शेपूट इराण-इराकवरून थेट तिथपर्यंत पोचतं. म्हणजे जो मान्सून गेटवे-मांडवा लाँच बंद पाडतो, तोच चार-पाच हजार किलोमीटरवर हात लांब करून माझं मिकोनॉस बंद पाडत होता. हे कळल्यावर मला इतका आनंद झाला की मी जेवणाच्या टेबलावर तुझ्या वहिनीला मिठाची आणि मिरपुडीची डबी मांडून समजावलं. ती म्हणाली, "तुम्ही पावसापासून पळून इथे आलात, आणि तो मागे आलाच."

त्या दिवशी जहाज कुठल्याशा बेटाच्या आडोशाला संथ फिरत राहिलं. जहाजावरच्या पोहायच्या तलावातलं पाणी दोन्ही काठांवर आदळायला लागलं तसं ते सोडून देऊन वर जाळी ताणली. लिफ्टच्या कठड्यांना कागदी पिशव्या खोचल्या, कशासाठी ते तुला कळलंच. जेवणघराच्या दाराशी हिरव्या सफरचंदांची टोपली ठेवली. मळमळीवर ती देतात. आम्ही आपले आलेपाकवाले. पण मुख्य त्रास पोटाचा नव्हता, कपाटातल्या हँगरांचा होता. जहाज डावीकडे कललं की सगळे हँगर टिंग करून डावीकडे, उजवीकडे कललं की टिंग करून उजवीकडे. रात्रभर. शेवटी तुझ्या वहिनीने उठून ओढणीने सगळ्यांची एक मोळी बांधली आणि फटीत टॉवेल कोंबला. तेव्हा कुठे डोळा लागला.

मिकोनॉस गळलं त्या सकाळी रिसेप्शनवर तोबा गर्दी होती. एक गृहस्थ काउंटरवर हात आपटत होते, पैसे परत द्या म्हणून. समोरची पोरगी मडगावची निघाली. गर्दी ओसरल्यावर मी मराठीत विचारलं तर तिचा चेहरा एकदम खुलला. म्हणाली, "काका, दर्याक कोण सांगतलो?" मग तिने मला नियम समजावला. तिकिटाच्या करारातच लिहिलेलं असतं की हवामानामुळे जहाज बंदर गाळू शकतं, बदलू शकतं, आणि त्याबद्दल भरपाई नाही. परत मिळतात ते फक्त त्या बंदराचे कर. माणशी चार पैसे ते, जहाजावरच्या खात्यात जमा होतात. जहाजाकडून सहल घेतली असेल तर तिचे पूर्ण पैसे परत. स्वतः बाहेरून ठरवली असेल तर ज्याचं त्याने बघावं. मी तो करार बत्तीस पानांचा म्हणून न वाचता "मान्य" दाबलं होतं. तू वाच.

कुशादासी आणि ऱ्होड्स ठरल्याप्रमाणे झालं. कुशादासीहून एफेससला, एका प्राचीन शहराचे अवशेष बघायला गेलो. त्या प्रचंड ग्रंथालयाच्या कमानीपेक्षा मला एकच गोष्ट लक्षात राहिली. हे एके काळी बंदर होतं आणि आज समुद्र तिथून कित्येक किलोमीटर लांब गेलाय, नदीच्या गाळाने. आमचं एक बंदर एका दिवसापुरतं रद्द झालं म्हणून केवढा गहजब. इथे तर बंदराचाच समुद्र रद्द झालेला. ऱ्होड्सला ऊन फार होतं, एवढंच.

आता सांतोरिनी.

तुला ठाऊक आहे, तुझ्या वहिनीच्या मनात ते कधीपासून होतं. पांढरी घरं, निळे घुमट. त्यासाठी तिने पांढरी साडी आणि निळ्या काठाचं ब्लाउज नेलं होतं, आणि मी गुपचूप तिथल्या इया गावात तासाभराचा फोटोवाला ठरवला होता, अर्धे पैसे आगाऊ देऊन. लग्नाला चाळीस वर्षं झाली, एवढी चैन चालते.

पहाटे साडेसहालाच आम्ही डेकवर. जहाज आत शिरलं तेव्हा दोन्ही बाजूंना काळे-तांबडे उभे कडे आणि कड्यांच्या अगदी माथ्यावर पांढरी रेघ. कुणी भाकरीच्या कडेला लोणी फासावं तशी. ती घरं. ज्वालामुखीच्या उद्रेकांत या बेटाचं पोटच खचलं आणि समुद्र आत आला; शेवटचा मोठा उद्रेक सुमारे ३६०० वर्षांपूर्वीचा. त्यामुळे पाणी इतकं खोल, काही ठिकाणी चारशे मीटरच्या आसपास, की मोठ्या जहाजाला नांगर टाकून निवांत राहता येत नाही. धक्काही नाही. इंजिनं चालू ठेवून जहाज जागच्या जागी धरायचं, बेटावरच्या लाँच येऊन बाजूला लागणार, त्यांत उतरायचं, आणि खालच्या जुन्या बंदरावरून केबल कारने वर. नाहीतर ५८०च्या वर पायऱ्या, चालत किंवा गाढवावरून.

पहिली लाँच आली. मी वरून वाकून बघत होतो. आपलीच लाँच म्हण ना, तसाच लाकडी कठडा, तसेच कडेला लटकलेले टायर. जहाजाच्या पोटातल्या दारापाशी ती लागली की एका क्षणी तिचा काठ दाराच्या पातळीला, पुढच्या क्षणी पुरुषभर खाली. दोन खलाशी दोर धरून उभे. एकाने पाय पुढे केला आणि मागे घेतला. पुन्हा केला, पुन्हा घेतला. लाँच फिरून परत आली. असं तासभर चाललं. तिसऱ्या खेपेला तिचा कठडा जहाजावर असा घासला की तो आवाज आम्हाला वरपर्यंत ऐकू आला.

मग कॅप्टन बोलला. ग्रीक माणूस, सावकाश इंग्रजी. त्याने सांगितलं ते साधारण असं: तुम्हाला आत्ता उतरवणं कदाचित मला जमेल. पण दुपारी वारा वाढणार आहे, आणि चार वाजता तुम्हाला परत वर घेता येईल असं वचन मी देऊ शकत नाही. म्हणून मी जातो.

नंद्या, मला तिथे, त्या डेकवर, काय आठवलं असेल सांग. भाऊचा धक्का. आपण एफ.वाय.ला होतो, आषाढातला शनिवार, दोघांना घरी जायची घाई. रेवसची लाँच समोर उभी, आणि म्हातारा तांडेल बिडी ओढत म्हणाला, "जाशील रं, पन येशील कसा?" आपण त्याला मनातल्या मनात शिव्या घालत दादरला तुझ्या मामाकडे गेलो आणि मामीच्या हातचं पिठलं खाल्लं. आमच्या आजीने तर १७ जुलै १९४७ची रामदास बोट ऐन तरुणपणी ऐकलेली. याच धक्क्यावरून रेवसला निघालेली, वाटेत बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली. ती आषाढात मला लाँचने येऊच देत नसे. तरी मी त्या दिवशी धक्क्यावर चिडलोच होतो. या खेपेला चिडलो नाही. वाईट मात्र फार वाटलं, खोटं कशाला बोलू. जहाज वळायला लागलं तशी ती पांढरी रेघ उजवीकडून मागे गेली. तुझी वहिनी काही बोलली नाही, नुसता पदर डोक्यावरून घेऊन उभी राहिली. वारा होता म्हणून, असं तिचं म्हणणं.

फोटोवाल्याला कळवायला फोन काढला तर त्याचाच निरोप आधी येऊन पडलेला: "तुमचं जहाज वळताना मला वरून दिसलं." पुढे, आगाऊ रक्कम परत देत नाही, पण कधीही या, वळती करून घेईन. मला त्या माणसाचा राग येईना. त्याचाही दिवस बुडाला होता.

बदली म्हणून आम्हाला दुपारी क्रीटच्या हेराक्लिओनला नेलं. तिथे चांगला मोठा धक्का आहे. कुणाच्याच यादीत नसलेलं गाव, त्यामुळे कुणाच्या काही अपेक्षा नाहीत, आणि मला विचारशील तर सगळ्यात चांगला दिवस तोच. क्नोसोसच्या प्राचीन राजवाड्याचे अवशेष बघायला सगळे धावले. आम्ही वस्तुसंग्रहालयात गेलो. तिथे १९०८ साली सापडलेली मातीची एक तबकडी आहे, दोन्ही अंगांना गोल गोल फिरत जाणारी चिन्हं, आजवर कुणाला वाचता आलेली नाहीत. तिच्यासमोर मी अर्धा तास उभा होतो. मग एका चौकात बसून दाकोस खाल्लं. जवाच्या कडक टोस्टवर किसलेला टोमॅटो, चीज आणि वर सढळ हाताने ऑलिव्हचं तेल. पाव टोमॅटोच्या पाण्याने भिजतो न भिजतो तोवर खायचा. तुझ्या वहिनीने घरी ज्वारीच्या कडक भाकरीवर करून बघितलं, बरं लागतं. पांढरी साडी तिथेच नेसली. मागे व्हेनिसवाल्यांचा जुना किल्ला आणि केस विस्कटलेले. फोटो पाठवतो, हसू नकोस.

आता तुझं. तू ऑक्टोबरात बार्सिलोना, मार्से, इटलीकडची घेतोयस म्हणालास. मेल्टेमी तिकडे नाही, पण मिस्ट्रल आहे. ऱ्होनच्या खोऱ्यातून तो खाली घुसतो आणि थेट मार्सेसमोरच्या समुद्रात. शिवाय शरद ऋतूत भूमध्य समुद्र तापलेला असतो, कधी कधी त्यातून लहान चक्रीवादळंही उठतात. सप्टेंबर २०२० मध्ये ग्रीसच्या पश्चिमेच्या बेटांना असंच एक धडकलं. घाबरवत नाही, फक्त यादी नीट बघ. कुठल्या बंदरात जहाज धक्क्याला लागतं आणि कुठे लाँचने उतरवतात ते विचार. विलफ्रांश, पोर्तोफिनो अशी ठिकाणं लाँचवाली, तीच आधी गळतात. मनाचा सगळा जीव तिथे ठेवू नकोस आणि बाहेरचं आगाऊ बुकिंग तर मुळीच नको. व्हिसा मात्र अनेक वेळा प्रवेशाचाच माग. आमच्या वाटेत तुर्कस्तान होतं म्हणून तो लागलाच, पण बदली बंदर शेंगेनबाहेरचं (एकाच व्हिसावर फिरता येतं त्या युरोपीय देशांबाहेरचं) निघालं तरी तो हाताशी असलेला बरा. जहाज परतेल त्याच संध्याकाळचं विमान घेऊ नकोस. केबिन खालच्या मजल्यावर आणि मधोमध घे, तिथे हलणं कमी. अवोमिन मळमळायच्या आधी घ्यायची असते, नंतर नाही. पण तुझ्या रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत, आधी डॉक्टरला विचार. आणि हँगर बांधायला सुतळी ने.

शेवटचा दिवस आम्ही अथेन्समध्ये राखून ठेवला होता. रोमन अगोऱ्यात, म्हणजे जुन्या बाजारचौकात, दोन हजार वर्षांचा एक अष्टकोनी संगमरवरी मनोरा आहे, वाऱ्यांचा मनोरा म्हणतात. आठ बाजूंना वर आठ वारे कोरलेत, पंख असलेले, आडवे उडत जाणारे. दक्षिणेचा घडा उपडा करून पाणी ओततोय. पश्चिमेचा कोवळा पोरगा, त्याच्या ओच्यात फुलं. आणि उत्तरेचा बोरेआस, दाढीवाला, अंगावर जाड घोंगडीसारखं वस्त्र, आणि तोंडाला चक्क शंख. मिकोनॉसच्या सकाळी रिसेप्शनवर आम्ही सगळे शंख करत होतो, तो मूळ शंख हा. तुझी वहिनी बराच वेळ मान वर करून बघत होती. मग म्हणाली, "यालाच सांगायला हवं होतं आधी."

तुझ्या जहाजाची बंदरांची यादी व्हॉट्सॲपवर टाक, मी नकाशा घेऊन बसतो. गौरीच्या दिवशी घावन-घाटलं आहे, वहिनींना घेऊन ये. रस्त्याने ये, लाँचची मी खात्री देत नाही.

तुझा,
बापू